शून्यावर न येणारी वीज

नरोत्तमशेठच्या मिरचीच्या कोल्ड स्टोरेजवरून फोन आला तेव्हा रत्ना बागूल चहाचा कप विसळत होती. फोनवर तिथला पहारेकरी भिमसिंग वसावे होता.

“ताई, तुमच्या लाल पेटीतून जळका वास येतोय.”

“मिरचीचा असेल.”

“मिरचीचा वास मला कधीचाच येईनासा झालाय. हा वेगळा आहे.”

रत्नाने स्कूटर काढली. कोल्ड स्टोरेज तापीखेड्यापासून तीन किलोमीटरवर होतं, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांच्या पलीकडे. मार्च संपत आला होता. पथाऱ्यांवर हंगामातली शेवटची मिरची लालभडक पसरली होती आणि सकाळी दहालाच ऊन डोक्याला लागत होतं.

रत्ना चौपन्न वर्षांची होती आणि गावातल्या बारा परवानाधारक वायरमनपैकी एकटीच बाई. नवरा दिगंबर हाही वायरमन. लग्नानंतर ती त्याची शिडी धरायला जायची. शिडी धरता धरता काम शिकली आणि पुढे परीक्षा देऊन तिने स्वतःचा परवाना काढला. दिगंबरला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आगीची सूचना देणाऱ्या पॅनेलला वीज जोडायचं काम गावात या दोघांचंच मानलं जाई. दवाखाना, बँक, जिनिंग, वसतिगृह, मंगल कार्यालय, अशा एक्केचाळीस ठिकाणी त्यांच्या हातची जोडणी होती.

काम दिसायला किरकोळ, पण त्याला शिस्त फार. पॅनेल म्हणजे भिंतीवरचा एक डबा. इमारतभर छताला लावलेले धुराचे सेन्सर त्याला खबर देतात आणि तो भोंगा वाजवतो. आग लागली की माणसं आधी मेन स्विच पाडतात. त्याबरोबर पॅनेलही बंद पडलं तर भोंगा वाजणार कसा? म्हणून त्याची लाइन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढायची. तिच्यावर दुसरं काहीही घ्यायचं नाही. अर्थिंग पक्कं करायचं. तिचा स्वतःचा स्विच आणि फ्यूज कुलूपबंद लाल पेटीत ठेवायचा, म्हणजे कोणी पंख्याचा समजून बंद करणार नाही. शिवाय पॅनेलमध्ये बॅटरी असते. वीज गेली तर ती चोवीस तास ओढते.

या पेटीत दिगंबरने स्वतःची एक भर घातली होती. ज्येष्ठात या भागात विजा फार कडाडतात, तारेतून विजेचा लोंढा येतो आणि पॅनेल जळून जातात. म्हणून तो पेटीत फ्यूजच्या पुढे रुपयाएवढी निळी चकती बसवायचा. व्होल्टेज मर्यादेत असेपर्यंत ती गप्प राहते. मर्यादा ओलांडली की जास्तीची वीज पिऊन टाकते. चकती बसवायला लागल्यापासून त्यांचं एकही पॅनेल विजेने जळलं नव्हतं. दिगंबर गेल्यावरही रत्नाने चकती बसवणं सोडलं नाही.

कोल्ड स्टोरेजच्या दारातच तिला पॅनेलचा पिवळा दिवा दिसला. म्हणजे बाहेरची वीज तुटली होती आणि पॅनेल बॅटरीवर होतं. बारीक आवाजात इशारा देणाऱ्या भोकावर कोणीतरी चिकटपट्टी लावली होती.

“ही कोणी लावली?”

भिमसिंगने मान खाली घातली. “काल दुपारपासून टिटी करत होतं, ताई. शेठ फोनवर बोलत होते. म्हणाले, बंद कर ते.”

काल दुपारपासून. म्हणजे बॅटरीत फार तर तीन-चार तास उरले होते. आत सहाशे टन सुकी मिरची होती, आणि वरच्या माळ्यावर देठ खुडायला रोज चाळीस बायका बसायच्या. मिरचीच्या गोदामाला आग लागली तर धुरातून माणूस दहा पावलंही चालू शकत नाही. तिथे जीव वाचतो तो फक्त आग लवकर कळल्यामुळे.

रत्नाने पेटीला हात लावला नाही. तिने मयुरेशला फोन केला.

मयुरेश सैंदाणे दिगंबरच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पॉलिटेक्निकची वर्षं तो रत्नाच्याच घरी राहिला होता. आता तो तापीखेड्याच्या डीसी प्रकल्पात तपासणी अभियंता होता. वीस मिनिटांत तो आला, रस्त्यावरच्या पेटीतून त्याने कोल्ड स्टोरेजची लाइन बंद केली. गावाबाहेरच्या या जागेला स्वतंत्र बटण होतं, म्हणून ते जमलं. रत्नाने मीटर लावून तारांत वीज नाही याची दोनदा खात्री केली आणि मग कुलूप काढलं.

आत सगळं काळं होतं. फ्यूजची काचेची नळी फुटली होती, तिचं प्लास्टिकचं घर वितळून खाली ओघळलं होतं, आणि निळ्या चकतीचे दोन तुकडे झाले होते. पेटी जाड पत्र्याची होती म्हणूनच ज्वाळा बाहेर आली नव्हती.

रत्नाने वाकून आत बघितलं. “फ्यूज जळायलाच असते,” ती म्हणाली. “पण फ्यूज जळून पेटी जळली, असं मी आयुष्यात पाहिलं नाही.”

 मयुरेशचा चेहरा उतरला होता.

*

दीडशे वर्षांपूर्वी जगाने घरोघर एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज द्यायचं ठरवलं, त्याला एक साधं कारण होतं. वीज लांब न्यायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं, घरात द्यायची तर कमी करावं लागतं, आणि हे काम करणारा ट्रान्स्फॉर्मर फक्त एसीवर चालतो. पुढे छपरावर सोलर आलं. सोलरची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. बॅटरी डीसी. दिवे, पंखे, फोन, गाड्या, सगळं आतून डीसीच. मधल्या मध्ये वीज डीसीची एसी आणि एसीची पुन्हा डीसी होत राहायची आणि दर वेळी थोडी वाया जायची. मग सिलिकॉन कार्बाइडचे स्वस्त स्विच निघाले, डीसीचं व्होल्टेज वर-खाली करणारा कपाटाएवढा यंत्रसंच तयार झाला, आणि ट्रान्स्फॉर्मरची सद्दी संपली. कडक उन्हाचं तापीखेडे हे त्या प्रयोगासाठी निवडलेलं राज्यातलं पहिलं गाव.

गल्लीगल्लीत बॅटऱ्या बसल्या, घराघरातले बोर्ड बदलले. गेल्या दोनशे नऊ दिवसांत तापीखेड्यात एकदाही वीज गेली नव्हती. ज्या गावाने आठ-आठ तासांचं भारनियमन काढलं होतं, त्या गावाला याचं किती अप्रूप होतं हे सांगायला नको. लोक पाहुण्यांना सांगत, आमच्याकडे आता मेणबत्ती मिळायची नाही.

मयुरेशने बॅटरी संपायच्या आत कोल्ड स्टोरेजला प्रकल्पाची नवी पेटी लावून पॅनेलची वीज जोडून दिली आणि त्या दुपारी तो रत्नाला प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. टेबलावर त्याने दोन जोडण्या केल्या, एक एसीची, एक डीसीची. दोन्हींत रत्नाच्या पेटीतलीच तीन अँपिअरची काचेची फ्यूज. दोन्हींतून सारखाच, फ्यूजला झेपणार नाही एवढा प्रवाह सोडला.

एसीवरची फ्यूज थोडी लाल झाली, टक् आवाज आला, संपलं.

डीसीवरचीही तार तशीच वितळली. पण तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये एक निळसर-पांढरी जीभ उभी राहिली आणि ती विझेना. काच तडकली. प्लास्टिक वितळायला लागलं. मयुरेशने बटण दाबून ती विझवली तेव्हा खोलीत सकाळचाच वास भरला होता.

“एसी वीज सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, मामी,” तो म्हणाला. “तार तुटली की ठिणगी पेटतेच. पण पुढच्या क्षणी वीज शून्यावर येते, ठिणगीला खायला काही उरत नाही, ती मरते. फ्यूज काय, स्विच काय, आपण त्या शून्याच्या भरवशावरच बनवत आलो. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ओढून लांब करून तोडावी लागते, किंवा वाळूत घालून मारावी लागते. डीसीच्या फ्यूज त्यासाठीच वेगळ्या असतात.”

“आणि चकती?”

मयुरेशने चकतीचा तुकडा उलटा केला. कडेला बारीक अक्षरात मर्यादा छापली होती. एसीवर पावणेतीनशे व्होल्ट, डीसीवर साडेतीनशे.

“गावातली वीज साडेतीनशेचीच आहे,” रत्ना म्हणाली.

“सकाळ-संध्याकाळ. भर दुपारी सगळी छपरं एकदम वीज ओततात, तेव्हा तीनशे ऐंशीपर्यंत जाते. तेवढी चालते, बाकी सगळं त्या हिशेबाने घेतलेलं आहे. चकती मात्र रोज दुपारी थोडी थोडी वीज पीत बसते. तापते. थंडीत निभावलं. आता ऊन वाढलं.”

रत्नाला सगळं चित्र दिसलं. चकती खराब होणार, तिच्यातून वीज वाहणार, फ्यूज वितळणार, आणि ठिणगी विझणार नाही. आगीची खबर देणाऱ्या पॅनेलची पेटीच आग लावणार.

“बाकीच्या चाळीस पेट्या तशाच आहेत?”

“तशाच.” मयुरेश खुर्चीत बसला. “बदलाच्या वेळी आम्ही प्रत्येक इमारतीचा बोर्ड बदलला. पॅनेल आतून एसी-डीसी दोन्हींवर चालतं, म्हणून त्याला काही करावं लागलं नाही. लाल पेट्यांना कुलूप होतं. माझ्या यादीत त्यांच्यासाठी एकच ओळ होती, हिरवा दिवा लागतोय का. लागत होता. मी सही केली.”

त्या वेळी त्याने तिला सांगितलंही होतं. ‘मामी, तुझ्या पेट्यांना काही करायला नको, सगळ्या चालू आहेत,’ असं तो जेवताना म्हणाला होता आणि तिला बरं वाटलं होतं. दिगंबरचं काम नव्या विजेलाही पुरून उरलं, असं तिने शेजारणीला सांगितलं होतं. डीसीची नवी परीक्षा वायरमनसाठी निघाली तेव्हा तिने फॉर्म आणून कपाटात ठेवला होता. तो अजून तिथेच होता.

“मग बदलूया,” ती म्हणाली. “डीसीच्या फ्यूज तुमच्या स्टोअरमध्ये असतील.”

“आहेत. पण वीज बंद केल्याशिवाय पेटी उघडता येणार नाही. तुझी लाइन मेन स्विचच्या आधी आहे, म्हणजे इमारतीतून ती बंद होत नाही. अख्खी गल्ली बंद करावी लागते. आणि पेट्या सगळ्या गल्ल्यांत आहेत.” तो थांबला. “आठ दिवसांनी सहा राज्यांचे अधिकारी बघायला येतायत. दोनशे सतरा दिवस अखंड वीज, हे बघायला. मामी, आठ दिवस दे मला. ते येऊन गेले की एकेक गल्ली दुरुस्तीच्या नावाखाली बंद करतो. कोणाला कळणारही नाही. तुझंही नाव येणार नाही, माझंही नाही.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षी दोन विषय राहिले तेव्हा असाच बसला होता, आईला सांगू नको म्हणून. तेव्हाही तिने सांगितलं नव्हतं.

“आठ दिवस,” रत्ना म्हणाली. “त्यावर एक नाही.”

*

दोन दिवस तिने स्वतःला समजावलं. सात महिन्यांत एकच पेटी जळली होती. तीही बाहेर न पेटता विझली होती. आठ दिवसांत असं काय होणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर तिला घरात बसवेना. ती स्कूटर घेऊन निघाली आणि एकेका ठिकाणी जाऊन, काही न बोलता, लाल पेटीच्या पत्र्यावर उलटा हात ठेवून बघू लागली. बँकेत पेटी गार होती. जिनिंगमध्ये गार. दवाखान्यात किंचित कोमट, पण ती पश्चिमेची भिंत होती, उन्हानेही असेल.

मुलींच्या वसतिगृहात जेवणाची सुट्टी झाली होती. एकशे साठ मुली, बहुतेक डोंगरातल्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या. जिन्याखालच्या लाल पेटीजवळ जायला रत्नाला वाट काढावी लागली, कारण खाली गाद्यांच्या वळकट्या रचल्या होत्या, पेटीच्या तळाला टेकतील इतक्या उंच.

तिने हात ठेवला आणि लगेच काढला. पत्रा चांगलाच तापला होता. ही जागा जिन्याखाली होती. इथे ऊन येतच नव्हतं.

“काही बिघडलंय का, ताई?” अधीक्षिका गावित मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. “दिवा तर हिरवाच आहे.”

रत्नाने दिव्याकडे पाहिलं. तो खरंच हिरवा होता.

“या गाद्या इथून आत्ता काढा,” ती म्हणाली. “आणि मुलींना जेवण झाल्यावर आज आत झोपू देऊ नका. पलीकडे शाळेच्या सभागृहात पाठवा. मी लेखी देते, माझ्या सहीने.”

“झालंय तरी काय?”

“माझ्याकडून चूक झालीय. बाकीचं उद्या सांगते.”

बाहेर येऊन तिने मयुरेशला फोन केला. त्याने उचलला नाही. पाहुण्यांच्या दौऱ्याची तालीम चालू होती. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा केला. मग गावित मॅडमकडून एक कोरा कागद मागून घेतला, जिन्याच्या पायरीवर बसून पत्र लिहिलं आणि थेट मुख्य अभियंता भामरे साहेबांच्या कार्यालयात गेली.

भामरे साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. एक्केचाळीस ठिकाणांची नावं होती. खाली लिहिलं होतं: या सर्व पेट्या दिगंबर बागूल आणि मी जोडल्या आहेत. त्यांतील फ्यूज, स्विच आणि चकती डीसी विजेसाठी योग्य नाहीत. वीज पूर्ण बंद करून त्या त्वरित बदलाव्यात.

“तुम्ही जोडल्या तेव्हा वीज एसी होती,” साहेब म्हणाले. “तेव्हा त्या बरोबरच होत्या.”

“तेव्हा होत्या.”

“मग बदलाच्या वेळी कोणीतरी तपासल्या असतील. कोणी तपासल्या?”

 नाव यादीवर होतंच. साहेबांनी ती मागवली असती तर पाच मिनिटांत मिळाली असती. पण ते रत्नाच्या तोंडून निघेना.

“साहेब, ते तुम्ही नंतर बघा. वसतिगृहातली पेटी तापलीय. उद्या दुपारच्या आत हे व्हायला पाहिजे.”

“पाहुणे पाच दिवसांवर आहेत, बागूलबाई.”

“मला माहीत आहे.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते काही वाईट मनुष्य नव्हते. त्यांनाही वरून फोन येत. “जळालेली फ्यूज आहे तुमच्याकडे?”

रत्नाने पिशवीतून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. वितळलेलं प्लास्टिक, काचेचे तुकडे, चकतीचे दोन अर्धे. साहेबांनी एक तुकडा उचलला, नाकाजवळ नेला आणि परत ठेवला.

“उद्या सकाळी आठ ते दहा,” ते म्हणाले. “पूर्ण गाव. दोन तासांत चाळीस पेट्या होतील?”

“अकरा वायरमन आणि मी.”

“तुमची डीसीची परीक्षा झालीय?”

“नाही.”

“मग तुम्ही पेटीला हात लावायचा नाही. सांगायचं फक्त.”

*

संध्याकाळी पाचला अकरा वायरमन वर्कशॉपच्या आवारात जमले. रत्नाने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. नव्या फ्यूजचं घर कसं बसवायचं, दोन्ही तारा एकदम तोडणारा डीसीचा स्विच कुठे लावायचा, धन आणि ऋण तारांची अदलाबदल झाली तर तो स्विच ठिणगी विझवायच्या ऐवजी पोसतो म्हणून खुणा कशा बघायच्या, हे एका अभियंत्याने दाखवलं.

“पेट्या तुमच्या, नाव तुमचं,” युसूफभाई म्हणाले. ते सगळ्यांत जुने होते आणि दिगंबरशी त्यांचं फारसं पटलं नव्हतं. “निस्तरायला आम्ही.”

“खरं आहे,” रत्ना म्हणाली.

त्यांना बहुधा दुसरं उत्तर अपेक्षित होतं. थोडा वेळ ते पायाने खडा ढकलत राहिले. “वसतिगृहाची मी करतो,” मग म्हणाले. “माझी नात शिकते तिथे.”

सकाळी आठला गावाची वीज गेली. पंखे थांबले, पंप थांबले, लोक दारात आले आणि एकमेकांना विचारू लागले. काहींनी प्रकल्पाच्या कार्यालयासमोर आरडाओरडा केला. दहाला सात मिनिटं कमी असताना चाळिसाव्या पेटीला कुलूप लागलं. प्रत्येक ठिकाणी आधी तारा जोडून घेतल्या, मग बॅटरी. वीज आल्यावर हिरवा दिवा बघितला, मग स्विच पाडून पॅनेल बॅटरीवर जातं की नाही तेही बघितलं.

काढलेल्या वस्तू वर्कशॉपच्या टेबलावर मांडल्या. चाळीसपैकी अकरा चकत्यांना तडे गेले होते. सात फ्यूजची घरं तपकिरी पडली होती. वसतिगृहातली चकती युसूफभाईंनी बोटाने दाबली तसा तिचा भुगा झाला.

मयुरेश दुपारी आला. रत्ना अंगणात बसली होती. तो उंबऱ्याशीच थांबला.

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता.”

“एक फोन करायचास मला. मीच साहेबांकडे गेलो असतो. माझ्या तोंडून गेलं असतं तर निदान…”

“तीन केले, मयुरेश.”

त्याने खिशातून फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. “आठ दिवस मागितले होते गं. काही झालं असतं का आठ दिवसांत?”

“नसतंही झालं,” रत्ना म्हणाली. “त्या पेटीने कदाचित मे महिनाही काढला असता. मला माहीत नाही. तुलाही नाही.”

तो गेला. जाताना त्याने फाटक लावलं नाही, नेहमी लावायचा.

*

पाहुणे ठरल्या दिवशी आले आणि त्यांनी चार दिवसांचा अखंड वीजपुरवठा पाहिला. भामरे साहेबांनी त्यांना टेबलावरच्या चकत्याही दाखवल्या म्हणतात. चौकशी झाली. मयुरेशची बढती गेली आणि त्याला गोमाईपूरला पाठवलं, जिथे पुढच्या वर्षी डीसी यायची होती आणि सध्या नुसतं मोजमाप चालू होतं. नवी परीक्षा होईपर्यंत रत्नाचा परवाना स्थगित झाला. गावात तिच्याबद्दल दोन मतं होती. काही म्हणत, बाईने खरं सांगितलं. बरेच जण म्हणत, पेट्या तिच्याच होत्या, उगाच गाव अंधारात घातलं. काहीच जळलं नव्हतं, त्यामुळे काय टळलं ते दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

मयुरेशची आई, तिची नणंद, फोनवर जेवढ्यास तेवढं बोलू लागली. मयुरेशचा फोन आलाच नाही. गौरी-गणपतीला त्याची बायको मुलाला घेऊन येऊन गेली, तो आला नाही.

रत्नाने कपाटातला फॉर्म काढला. वर्ग प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये भरायचा. तिथे तिच्याहून तीस वर्षांनी लहान मुलं होती, ती पटापट गणितं सोडवायची. तिला गणितापेक्षा हाताच्या सवयी सोडणं जड गेलं. तीस वर्षं वापरलेला टेस्टर खिशातून निघेना. रबरी चप्पल घालून स्टुलावर उभं राहिलं तर डीसीवर त्याचा दिवा लागतच नाही, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं, तरी हात आधी त्याच्याकडेच जायचा. शेवटी तिने तो आणणंच बंद केलं. पहिल्या खेपेला ती तीन गुणांनी राहिली. दुसऱ्या खेपेचा फॉर्म तिने त्याच दिवशी भरला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मयुरेश आला. दाढी वाढली होती, उन्हाने रापला होता. तो आत येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्याने एक कागद पुढे केला.

“गोमाईपूरच्या लाल पेट्या. बावन्न आहेत. कोणाकोणाच्या हातच्या, काही सांगता येत नाही. काहींत चकत्या असतील, काहींत तर फ्यूजच्या जागी नुसती तार असेल.”

रत्नाने चष्मा लावला. यादीत पत्ते होते, पेटी कुठे आहे, वर-खाली काय ठेवलंय ते लिहिलं होतं. सगळं त्याच्या अक्षरात.

“दारोदार फिरलास?”

“चार महिने दुसरं काय करत होतो.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “राग गेला नाही अजून. खोटं कशाला सांगू.”

“असू दे.”

“पण एवढं कळलं, की त्या दिवशी मी फोन उचलला असता तरी तुला थांब म्हटलं असतं.” त्याने ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्यायला. “गोमाईपूरला अजून एसीच आहे. प्रत्येक पेटी आधी उघडायची, मग डीसी आणायची, असं मी लिहून दिलंय. माझ्याबरोबर येशील?”

“परवाना नाही माझ्याकडे. डिसेंबरात परीक्षा आहे.”

“मग जानेवारीत सुरू करू.”

डिसेंबरात ती पास झाली. गुण फार नव्हते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं गोमाईपूरच्या बाजारपेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या मागच्या बोळात, पहिल्या पेटीपाशी उभे होते. मयुरेशने लाइन बंद करवून घेतली होती. रत्नाने मीटर लावून खात्री केली आणि कुलूप काढलं. आत कोणीतरी फार नीट काम केलं होतं. तारा सरळ, स्क्रू घट्ट, फ्यूज स्वच्छ, अर्थिंगची हिरवी तार वेगळी वळवून बांधलेली. तिने एकेक तार हलकेच ओढून बघितली. एकही हलली नाही.

“काय दिसतंय?” मयुरेशने मागून विचारलं.

“काही नाही. सगळं व्यवस्थित आहे.”

“मग?”

“बदलायचं,” रत्ना म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात मागे केला.